थांबवायची तार

साडेपाच हजार फेऱ्यांपर्यंत सगळं ठीक.
त्याच्या वर गेली की अडखळते,
बोलता बोलता ओळखीच्याच माणसाचं नाव आठवेनासं व्हावं तशी.
सहा हजार ओलांडले की पुन्हा सुतासारखी सरळ,
जणू काही झालंच नव्हतं.

गेर्डनरच्या मिठावर आमचा तिसरा दिवस.
गाडीखाली निळी ताडपत्री: या पांढऱ्यावर
तेलाचा थेंब सांडायचा नाही, असा नियम आहे,
आणि नसता तरी सांडायला हात धजला नसता.

मेरिलिन श्रापेल, वय एकसष्ट,
आगरोधक अंगरख्याच्या बाह्या कमरेला बांधून उभी.
काही विचारत नाही.
गाडी तिच्या भावाची, क्लेमची. पहिल्या नळीपासून त्याने जोडलेली.
मागच्या हिवाळ्यात तो गेला.
तेव्हा स्टिअरिंग तिच्याकडे आलं
आणि पाने माझ्याकडे.

प्लग खोटं बोलत नाहीत, असं क्लेम म्हणायचा.
बोलतात.
इंजिन चालू ठेवून रमतगमत परत आणा,
तुम्हाला ऐकायचं असेल ते सांगतील.
म्हणून भर वेगात बंद करायचं, क्लच दाबून घरंगळू द्यायचं,
आणि जिथे थांबेल तिथेच मिठावर गुडघे टेकून
आठही काढायचे, चटके बसत असताना, जुन्या बनियनच्या फडक्यात.
भिंगाखाली आठ पांढऱ्या चिनीमातीच्या जिभा.
मिथेनॉल डाग ठेवत नाही. फक्त दांडीवर एक निळसर कडं,
आणि ते आठांच्याही हव्या त्या जागी.

तरी फट कमी केली, पंचेचाळीसाची चाळीस.
अडखळली.
टोपण काढून स्पिरिटने पुसलं, केसाएवढी काळी वाट शोधली
जिथून ठिणगी चोरपावलांनी निसटते. नव्हती.
पोर्ट ऑगस्टाच्या एका लायल निट्श्केने कंडेन्सर उसना दिला,
वर सल्लाही फुकट:
"लोहचुंबकच थकला असेल. तापाने थकतात ते."
रात्री टेबलावर मॅग्नेटो हाताने फिरवला.
सहा मिलिमीटरचं अंतर ओलांडून
निळी, कोरडी, चाबकाच्या टोकासारखी ठिणगी.
थकलेला कसला!

आग सोमेश्वरी, आणि मी तीन दिवस रामेश्वरी बंब घेऊन.

कारण मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, चावी लागत नाही.
फिरवा, तो पेटवत राहील.
त्याला चालवायची अशी तारच नसते.
असते ती थांबवायची:
बटण दाबलं की त्याचा जोर लोखंडात सोडून देणारी.
बाकी सारा वेळ
तिने कशालाही शिवू नये, एवढंच तिचं काम.

सीटच्या मागे बोट घातलं तर रबराचं अर्धं कडं हाती आलं,
बिस्किटासारखं तुटणारं.
उरलेलं कुठल्याशा मैलावर पडलं असेल.
मेरिलिनने टॉर्च धरला.
नळीच्या भोकाच्या कडेला तार घासून
तांब्याचा एक ठिपका उघडा पडला होता, मोहरीएवढा, चकचकीत.
साडेपाच हजारांवर ती नळी थरथरत असणार,
आणि सहा हजारांनंतर गप्प होत असणार.
तेवढ्यात ठिपका लोखंडाला शिवून येत होता.

तार मेणदोऱ्याने बांधलेली होती, क्लेमच्या गाठींनी,
दर चार बोटांवर एक.
"थांबायची सोय आधी, असं म्हणायचा," ती म्हणाली,
"आईच्या ओव्हनलासुद्धा बटण लावलं होतं त्याने."
मी विचारलं, नवी टाकू का?
तिने टॉर्च हलू दिला नाही.
"झाकता येईल ना?"

झाकली. इंधनाच्या नळीचा तुकडा उभा चिरून,
गाठी न सोडता.

सकाळी ती इतकी लांब गेली
की गाडी आधी दिसेनाशी झाली आणि आवाज उरला.
साडेपाच. मी श्वास धरला नाही, उगाच सांगत नाही,
मी पाना शोधत होतो, जो हातातच होता.
आवाज कापड फाटावं तसा अखंड
पाचव्या मैलापर्यंत गेला,
आणि मग एकदम काही नाही.

बटण.

लायल आकडा सांगायला पळत आला.
मी ताडपत्री झटकत होतो, म्हटलं,
तिला आधी येऊ दे.